पानी न्हवं, पाणी

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको थोरल्याकडं लीड्सला गेलो. गावात जो भेटेल तो विचारायचा, "लंडनला चाललाय म्हनं?" पहिल्यांदा मी समजावून सांगायचो, की बाबा, लंडन न्हवं, यॉर्कशायर, लंडनच्या वर, उत्तरेला, मोटारीनं चार-पाच तास. नंतर सोडून दिलं. गावाच्या लेखी विलायत म्हणजे लंडन, आणि तिथं झाडून सगळे एकच इंग्रजी बोलतात, रेडिओवर बातम्या सांगतात तसलं. खरं सांगायचं तर माझीही समजूत तीच होती. आपल्याकडं बारा कोसांवर भाषा बदलते ती आपण अडाणी म्हणून. साहेबाची भाषा मात्र साहेबाच्या सदऱ्यासारखी, सगळीकडं सारखी इस्त्री फिरवलेली असणार, असं मी धरून चाललो होतो.

ती समजूत तिसऱ्याच दिवशी बसमध्ये मोडली. डायव्हर चांगला धिप्पाड गडी, दोन्ही दंडांवर गोंदण. कारभारणीनं तिकिटाचे पैसे पुढं केले तर तो म्हणाला, "थँक्स, लुव." जागेवर बसल्यावर ती मला हळूच म्हणते, "आवो, ह्यो मला काय म्हनला?" मला तरी कुठं कळलं होतं! घरी आल्यावर थोरल्याला विचारलं, तर तो हसून हसून लोळला. 'लव्ह' म्हणाला तो. तिकडं कुणीही कुणालाही तसं म्हणतं, पुरुष पुरुषालासुद्धा. आपण "काय रं बाबा", "आगं बया" म्हणतो तसं. आणि त्या भागात त्याचा उच्चार 'लुव'. "मग ठीक हाय," कारभारीण म्हणाली. पण पुढं महिनाभर बसमध्ये चढताना ती आधी पदर नीट करायची.

नात तेव्हा सात वर्षांची. दोन वर्षांची असताना तिकडं गेलेली. घरात मराठी बोलते, पण बाहेरचं सगळं त्या शाळेतलं, त्या गल्लीतलं. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "आजोबा, बुस आली." मी म्हटलं, "बाळ, बुस न्हाई, बस." तिनं माझ्याकडं असं बघितलं की बस्स! "इट्स बुस, आजोबा." कपाला कुप, मम्मीला मुम, बाथला बॅथ. आता मी १९७५ च्या बॅचचा. त्याच साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली, त्या पहिल्या खेपेचा. इंग्रजीत बरोबर पस्तीस मार्क, एक जास्त नाही की एक कमी नाही. त्या पस्तीस मार्कांच्या जोरावर मी इंग्लंडात राहणाऱ्या पोरीला इंग्रजी शिकवायला निघालो होतो.

पण शिकवणारा मी एकटाच नव्हतो. तिचा बाप मागं हात धुऊन लागला होता. शाळेतून आली की विचारायचा, आज काय केलं? ती सँडविच खात म्हणायची, "नाउट." की ह्याचा आवाज चढलाच. "नाउट नाही. नथिंग. से नथिंग." ती म्हणायची, "नथिंग." पुन्हा पाच मिनिटांनी 'समथिंग'चं 'समट' व्हायचं, की पुन्हा सुरू. मला आधी वाटलं, पोरगी काही शिवीगाळ शिकून आली. थोरल्याला विचारलं तर म्हणाला, "शिवी नाही आबा. इथली गावठी भाषा."

गावठी म्हटल्यावर माझे कान उभे राहिले.

आमच्या माणदेशात 'ण' नाही. म्हणजे लिहायला आहे, बोलायला नाही. पानी, लोनी, आनी, कोन. मी आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात गेलो, ७२ च्या दुष्काळाचं साल. पाणीच नव्हतं तिथं त्याचा उच्चार कोण बघतो, पण मराठीला जे सर होते ते शहरातून आलेले. माणूस मनानं चांगला, डब्यातली भाकरी पोरांत वाटून खाणारा, पण 'पानी' म्हटलेलं त्यांच्या कानाला टोचायचं. रोज एकाला उभं करायचे. दहा वेळा म्हण, पाणी. मी जिभेला पीळ देऊन देऊन म्हणायचो. आठवडाभरात मला 'ण' साधला, आणि मग इतका साधला की तो जाईना. एक दिवस सरांनी माझा कान धरला आणि विचारलं, हे काय? मी छाती काढून म्हणालो, "काण, सर." वर्ग फुटला. सरांना वाटलं मी त्यांची चेष्टा करतोय. त्या दिवशी हाताला छडी, आणि वर्गात मला नाव पडलं 'काण्या'. दोन्ही डोळे शाबूत असताना. दहावी होईपर्यंत ते नाव गेलं नाही.

तेव्हापासून माझं असं झालंय की लिहिताना 'ण' बरोबर पडतो, बोलताना जीभ गावाकडं पळते. चार शहरी माणसांत बसलो की आधी मनात वाक्य जुळवतो, त्यातले 'ण' मोजतो, आणि तोवर बोलायची वेळ निघून जाते. पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' मी पुढं कधीतरी टीव्हीवर बघितली. भाषेचा प्रोफेसर त्या फुलं विकणाऱ्या मंजुळेचं बोलणं सुधारतो, ते. घरातले सगळे हसत होते. मीही हसलो, पण माझा तो कान दुखत होता.

हे नाटक मुळात इंग्रजी, बर्नार्ड शॉचं, हे मला लीड्समध्ये शेजारच्या बाईंनी सांगितलं. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. कुंपणावरून ती आम्हाला रूबार्ब द्यायची. लाल देठांची आंबट भाजी, त्या भागात फार पिकते. पानं विषारी, फक्त देठ खायचे. तिकडं साखर घालून गोड करतात. कारभारणीनं अंबाडीसारखी डाळ-लसूण घालून केली आणि वाटीभर तिला दिली, तेव्हापासून ओळख घट्ट झाली. मी विचारायचो, सूनबाई दोन्हीकडचं सांगायची. सूनबाईला कंटाळा यायचा, पण बाईंना यायचा नाही. आयुष्यभर शिकवलेलं माणूस, विचारणारा भेटला की त्याला सोडत नाही.

मी तिला माझा 'काण' सांगितला. ती खुर्चीतून पडायची बाकी राहिली. म्हणाली, आमच्याकडं तेच 'ह'चं आहे. यॉर्कशायरचा साधा माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' खातो. हाउसला 'आउस', हॅटला 'ॲट'. शाळेत मारून मारून 'ह' शिकवला, की पोरं नको तिथं 'ह' लावायची. ॲपलचं हॅपल. तिची आई लग्नाकार्याला चांगले कपडे घातले की 'ह' लावून बोलायची, म्हणजे साधारण निम्म्या ठिकाणी चुकीचा.

मग ही एक इंग्रजी बरोबर आणि बाकीच्या चूक, हे ठरवलं कुणी? त्यावर बाईंनी मला अंड्याची गोष्ट सांगितली. इंग्लंडात पहिला छापखाना काढला कॅक्स्टन नावाच्या माणसानं, लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला, १४७६ साली. त्यानंच १४९० च्या एका पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबतानं निघाले, वारा पडला म्हणून खालच्या केंट मुलखात उतरले आणि एका बाईकडं 'एग' मागायला लागले. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा म्हणाला, 'आयरन' द्या. तेव्हा बाईला कळलं की ह्यांना अंडी पाहिजेत. खालच्या मुलखात अंड्याला तो शब्द होता. कॅक्स्टनला प्रश्न पडला, आता मी छापू तरी काय? दरबार लंडनला, पेढ्या लंडनला, छापखाना तिथंच. मग हळूहळू तिथलंच बोलणं पुस्तकात गेलं आणि पुस्तकात गेलं ते शुद्ध ठरलं. गंमत म्हणजे 'एग' हा शब्द उत्तरेचा. समुद्रापलीकडून व्हायकिंग लोक आले, यॉर्कमध्ये राज्य करून राहिले, त्यांच्या भाषेतला. आज सगळं जग जे 'एग' खातं ते ह्या गावठी लोकांचं.

बाकी त्यांच्या नशिबी तेच आलं जे आपल्या. १९२२ मध्ये बीबीसी निघाली, तिथं बड्या शाळांत शिकलेल्यांचा एकच उच्चार चालायचा. १९४१ साली, लढाई चालू असताना, विल्फ्रेड पिकल्स नावाचा यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्सचा माणूस देशाच्या बातम्या वाचायला बसवला. जर्मनांना हा आवाज नकलता येणार नाही, असाही विचार त्यामागं होता म्हणतात. तो बातम्या संपल्या की 'गुड नाइट'ऐवजी आपल्या पद्धतीनं 'गुड नीट' म्हणायचा. लोकांनी तक्रारी केल्या. बातमी तीच, पण त्या तोंडून खरी वाटेना! मला आमचे एक जुने पंचायत समिती सदस्य आठवले. मुद्द्याचं बोलायचे, पण "म्या म्हंतो" म्हणून सुरुवात केली की साहेबलोक कागद चाळायला लागायचे.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली ती मी वहीत लिहून आणली. लीड्सच्याच विद्यापीठात हॅरॉल्ड ऑर्टन नावाचे प्राध्यापक होते. लढाईनंतर त्यांच्या ध्यानात आलं की ट्रॅक्टर आला, रेडिओ आला, जुनं बोलणं आता चाललं. त्यांनी १९५० ते १९६१ अशी अकरा वर्षं माणसं पाठवून इंग्लंडातल्या ३१३ ठिकाणची बोली लिहून घेतली. जवळजवळ सगळी खेडी. आणि विचारायचं कुणाला? मास्तरला नाही, पाद्र्याला नाही. जन्मभर गाव न सोडलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला, गड्याला. फक्त दात शाबूत पाहिजेत आणि ऐकू नीट आलं पाहिजे. तेराशेच्या वर प्रश्न. तेही असे, की शब्द आपण सांगायचा नाही. गाई बांधता त्या जागेला काय म्हणता? हिकडं 'मिस्टल', तिकडं 'बायर', पलीकडं 'शिपन'. आपल्या गोठ्याला वऱ्हाडात कोठा म्हणतात तसं. बाईंच्या चुलत्याकडं असा एक माणूस आला होता, चुलीपाशी बसून चार दिवस विचारत होता. चुलता जन्मभर सांगायचा, विद्यापीठातला माणूस माझ्याकडं शिकायला आला होता.

त्या कामातल्याच एका माणसाला, स्टॅन्ली एलिस त्यांचं नाव, १९७९ मध्ये पोलिसांनी बोलावलं. यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून पडत होते आणि 'मीच तो' म्हणून कुणीतरी टेप पाठवली होती. एलिसनी आवाज ऐकून सांगितलं, हा माणूस संडरलँडचा, त्यातही कॅसलटाउन बाजूचा. पोलिसांनी मग त्या बोलीचा माणूस शोधायला सुरुवात केली. खरा खुनी ब्रॅडफर्डचा होता, पोलिसांच्या हातातून अनेकदा गेला. त्याचं बोलणं टेपसारखं नाही हेही त्याला सोडायचं एक कारण झालं. टेप खोटी असेल असा इशारा एलिसनीच दिला होता. टेपवाला चेष्टेखोर २००५ मध्ये सापडला, तो त्याच संडरलँडचा निघाला. म्हणजे म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून शिकलेली विद्या खरी होती, ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ भलताच लावला.

जूनमध्ये थोरला आम्हाला मेंढरांचा बाजार दाखवायला घेऊन गेला. हॉज नावाचं गाव, डोंगरात, लीड्सपासून दोनेक तास. सगळीकडं दगडांचे गडगे, बिनचुन्याचे, आपल्या तालीसारखे पण डोंगराच्या माथ्यापर्यंत गेलेले. मी आटपाडीचा बाजार बघितलेला माणूस. आपल्याकडं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्याला कळत नाही. तिकडं उलटं. मधे गोल रिंगण, वर बसून लिलाव पुकारणारा एका दमात असा बोलत असतो की ओढ्याला पाणी आल्यासारखं, आणि घेणारा फक्त भुवई उडवतो. सौदा झाला की विकणारा घेणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे परत ठेवतो, ते शकुनाचे.

बाहेर कुंपणात मेंढ्या लावलेल्या. काळं तोंड, नाकाडाला पांढुरका रंग, वळलेली शिंगं. स्वेलडेल जात. मला राहवेना. मी एका मेंढीचा ओठ वर करून दात बघितले. शेजारी तिचा मालक उभा होता, काठी, टोपी, पायाशी कुत्रं. तो काही रागावला नाही. त्यानं दोन बोटं वर केली. मी मान हलवली आणि चार दाखवली. तो हसला. दोन दाती म्हणून खपवत होता की काय कोण जाणे. मग त्याचं तोंड सुटलं. मला एक शब्द कळला नाही, पण बघतो तर थोरल्यालाही कळत नव्हता! इंजिनियर पोरगा, पाच वर्षं तिकडं राहिलेला, "सॉरी? सॉरी?" करत होता. आणि नात मधे उभी राहून दोघांना सांगत होती. मेंढ्याला 'टप', मेंढीला 'याव', पहिल्यांदा न व्यायलेल्या पाठीला 'गिमर'. तो कुत्र्याला आणि स्वतःच्या पोराला 'दी', 'दा' म्हणत होता, म्हणजे आपलं 'तू'. शुद्ध इंग्रजीनं 'तू' कधीच टाकून दिलं, राजाला आणि कुत्र्याला एकच 'यू'. ह्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी तेवढं जपलंय. आणि त्यालाही मानपान आहे, मोठ्याला 'दा' म्हटलं तर मोठा म्हणतो, अरे-तुरे करतोस का मला?

मग त्यानं नातीला मेंढ्या मोजायला शिकवलं. यान, टान, टेदर, मेदर, पिप. एक ते पाच. ब्रिटनच्या फार जुन्या भाषेतले आकडे आहेत म्हणतात, आणि दर दरीत थोडे वेगळे. आता त्यात कुणी मोजत नाही, पोरांना शिकवायचं एवढंच. पूर्वी वीस झाले की एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा यानपासून सुरू. हे थोरल्यानं मला मराठीत सांगितलं आणि मी तिथंच कुंपणाला धरून उभा राहिलो.

माझी आई अशीच मोजायची. माझ्या लहानपणी आमची साठ-सत्तर मेंढरं होती. आईला पन्नास, साठ हे आकडे नव्हते. तिला इसा. संध्याकाळी वाड्यात मेंढरं शिरताना ती दाराशी उभी राहायची, वीस झाली की ओच्यात एक खडा. "तीन इसा आन् सात. एक कमी हाय रं." आणि ती एक कमी असायचीच, ओघळीत अडकलेली. मी शाळेत जायला लागलो तेव्हा तिला म्हणायचो, "आये, सदुसष्ट म्हनावं." ती म्हणायची, "तुझी सदुसष्ट कागदावर ठेव. माझी वाड्यात येऊ दे."

परत येताना गाडीत नात मागं बसून यान, टान करत होती. थोरला एकदम म्हणाला, "बास आता. शनिवारी काय आहे माहिती आहे ना?"

शनिवारी तिची मुलाखत होती. फी भरून शिकवणारी एक शाळा, तिथं तिला घालायचं त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी दोन महिने हे नथिंग, समथिंग चाललं होतं. मी म्हटलं, "आरं, त्या म्हाताऱ्याचं तर तुलाच कळंना, तिला कळत हुतं. येतंय ते कशापायी घालवतोस?" तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, तुम्हाला माहिती नाही." आणि त्यानं सांगितलं. आल्यावर पहिल्या वर्षी फोनवर मुलाखती द्यायचा, तेव्हा समोरचा दोनदा-तीनदा विचारायचा, काय म्हणालात? एकीकडं तर, तुमचं बोलणं समजत नाही म्हणून पाच मिनिटांत संपवलं. ह्याला वाटलं, आपण भारतातले म्हणून. पण ऑफिसातला एक गोरा पोरगा, बार्न्सलीचा, कोळसाखाणीच्या भागातला, तोही लंडनच्या माणसांशी बोलताना वेगळाच आवाज काढतो आणि आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलतो. "तो निदान गोरा आहे," थोरला म्हणाला. "हिच्या रंगाचं मी काही करू शकत नाही. बोलण्याचं करू शकतो."

ह्याला मला उत्तर सुचलं नाही. आजही नीटसं सुचत नाही. कारण थोरला दहावीनंतर १९९९ साली पुण्याला निघाला तेव्हा मे महिनाभर त्याला पानी न्हवं, पाणी, न्हाई न्हवं, नाही, असं घोकवणारा मीच. 'काण्या' नाव माझ्या पोराला पडू नये म्हणून. त्यानं ते इतकं चांगलं घोकलं की पहिल्या दिवाळीला घरी आला तेव्हा आजीशी बोलताना पाहुण्यासारखा बोलत होता. म्हातारी मला म्हणाली, "ल्योक शिकला. आता मला वाईच हळू बोलाया सांग त्येला."

शनिवारी तिघं मुलाखतीला गेले. पोरीला निळा फ्रॉक, दोन वेण्या. दुपारी परत आले तेव्हा थोरला गाडीतून उतरून थेट वर गेला. सूनबाईनं सांगितलं, पोरीला काय काय विचारलं, ती काहीच बोलली नाही. मान हलवायची. त्या बाईंनी विचारलं, सुट्टीत कुठं गेली होतीस, तर ही बाजाराचं सांगायला तोंड उघडायची आणि बापाकडं बघून मिटायची. बाई चांगल्या होत्या. निघताना प्रेमानं म्हणाल्या, मुलगी फार अबोल आहे.

ती पोरगी अबोल! तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी दिवसभर बोलणारी.

अबोल हा शब्द मी आधी एकदा ऐकला होता. २००९ साली, थोरल्याचं जमवताना. सूनबाईच्या माहेरची माणसं पुण्याहून आमचं घर बघायला आली होती. सगळी शिकलेली. आदल्या रात्री मी आईला म्हटलं, "उद्या पावनं येतील. तू सोप्यात बस, पर मधे बोलू नगंस. काय विचारलं तर मी सांगीन." ती म्हणाली, "बरं." नवं लुगडं नेसून ती कणगीशेजारी घोंगड्यावर बसली. पाहुणे तीन तास होते. जेवणं झाली. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी तिला जवळ जाऊन विचारलं, आजी, किती नातवंडं? आईनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, पाच. निघताना त्या बाई मला म्हणाल्या, "आजी अगदी अबोल आहेत हो." मी हसून म्हणालो, "हो, पहिल्यापासून."

आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. २०१३ साली ती गेली.

त्या रात्री लीड्सला जेवण झाल्यावर थोरला मागच्या अंगणात एकटाच बसला होता. जूनमध्ये तिकडं दहा वाजेपर्यंत उजेड असतो. मी जाऊन बसलो आणि त्याला हे सांगायला लागलो, कारण दहा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. अर्ध्यावर त्यानं मला थांबवलं.

"आबा, मी माडीच्या जिन्यात होतो. आदल्या रात्री. तुम्ही आजीला म्हणालात ते मी ऐकलं."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"मला बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं म्हणून मला सांगावं लागलं नाही."

मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. शेजारच्या बाई त्यांच्या मांजराला हाका मारत होत्या.

त्या वर्षी त्या शाळेत पोरीला जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एकीत मिळाली. बाप टोकतो अजून, पण कमी. सूनबाई सांगते, पोरगी आता दोन्ही बोलते; शाळेत एक, गल्लीत दुसरं, आणि फोन कुणाचा आहे ते आम्हाला तिच्या आवाजावरून कळतं. हे चांगलं की वाईट, मी सांगू शकत नाही. मीही तेच करतो, फक्त मला ते करताना घाम फुटतो.

आता घरी मेंढरं नाहीत, शेळ्या आहेत. मागच्या पावसाळ्यात दोन व्यायल्या तेव्हा नातीचा व्हिडिओवर फोन आला. करडं दाखवा म्हणाली. मी मोबाईल घेऊन गोठ्यात गेलो, रेंजसाठी हात वर धरून. ती बोट नाचवत मोजायला लागली. यान, टान, टेदर, मेदर. आणि थांबली.

"आजोबा, पाच म्हणाला होता ना? पिप कुठाय?"

मी म्हटलं, आसंल हितंच. ती म्हणाली, न्हाई, चारच हायती. मी कंदील नाही, बॅटरी घेऊन बघितलं. पाचवं गव्हाणीच्या मागं, कडब्यात शिरून झोपलं होतं.